चाळिसाव्या बैठकीचे टी-शर्ट: परवानगीपासून शेवटच्या पाकिटापर्यंत

नेटवर्क प्रोटोकॉलवर, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर, काम करणाऱ्या स्वयंसेवकांची आमची एक संघटना आहे. वर्षातून तीनदा आठवडाभराची बैठक होते, दर वेळी वेगळ्या देशात. बैठकीचा यजमान आलेल्या प्रत्येकाला एक टी-शर्ट देतो, ही आमच्याकडची जुनी रीत. चाळिसाव्या बैठकीला मात्र यजमान मिळाला नाही. नोंदणी शुल्कातून जागा आणि नेटवर्कचा खर्च जेमतेम निघत होता. 'या वेळी शर्ट नसेल' असं पत्र आलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. मी उत्तर पाठवलं की लोक विकत घेणार असतील तर करून आणायची जबाबदारी माझी. ती तारीख ६ मे. बैठक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती.

हे काम मी पहिल्यांदाच करत होते आणि कुणाला विचारावं तर आधी केलेलं कुणी सापडेना. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

शर्टाचं एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटू शकतं. पण तांत्रिक बैठकांच्या जगात टी-शर्ट हा जवळजवळ गणवेश आहे. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफची पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये सॅन डिएगोला २१ जणांची झाली. तिथे नव्याने येणाऱ्यांसाठी २०२४ पर्यंत जी माहितीपुस्तिका होती, तिच्यात पोशाखाबद्दल स्पष्ट सांगितलं होतं: सोमवारी सकाळी सूट घालून येणारे नवखे ओशाळतात, कारण बाकी सगळे टी-शर्ट, जीन्स आणि सँडलमध्ये असतात. १९९२च्या एका बैठकीत इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या व्हिंट सर्फ यांनी घातलेला 'आयपी ऑन एव्हरीथिंग'वाला शर्ट (आयपी म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, इंटरनेटवर माहिती पोचवायचे नियम) तर अजून लोकांच्या तोंडी आहे. आमच्याकडेही कोण कोणत्या बैठकीला होतं हे अंगातल्या शर्टावरून कळतं. जेवणाच्या रांगेत अनोळखी माणसाशी बोलायला तेवढं निमित्त पुरतं.

सुरुवात परवानगीपासून झाली, आणि सगळ्यात जास्त वेळ तिनेच घेतला. मला वाटलं होतं, कार्यकारिणीतले सगळे ओळखीचे आहेत, एका पत्रात काम होईल. पण संघटनेचं नाव आणि बोधचिन्ह नोंदणीकृत आहे, आणि ते वापरून काहीही विकायचं असेल तर लेखी परवाना लागतो. पहिल्या उत्तरातच सहा प्रश्न आले. विक्रेता कोण, व्यक्ती की संस्था? पैसे कोणत्या खात्यात जमा होणार? उरलेले पैसे कुठे जाणार? शर्ट परत घ्यायची वेळ आली तर नियम काय? मालाला काही झालं तर जबाबदारी कुणाची? आणि कर कोण भरणार? यातल्या चार प्रश्नांचा मी विचारही केला नव्हता. थोडा रागही आला, फुकट काम करणाऱ्याला इतकं कशाला विचारायचं म्हणून. पण लोकांकडून पैसे घेतले की आपण नुसते स्वयंसेवक राहत नाही, विक्रेते होतो, हे त्या प्रश्नांमुळे मला वेळेवर कळलं.

परवाना १७ जूनला हातात पडला, म्हणजे बरोब्बर सहा आठवड्यांनी. दीड पानी होता. बोधचिन्हाचा रंग आणि प्रमाण बदलायचं नाही, छपाईआधी नमुना मंजूर करून घ्यायचा, एकाच बैठकीपुरतं हे चालेल, आणि बैठक संपल्यावर साठ दिवसांत हिशेब द्यायचा. शिल्लक राहिली तर ती नव्या सभासदांच्या प्रवास साहाय्य निधीत जाईल असं मीच सुचवलं होतं, त्यामुळे बोलणं सोपं झालं. तुम्ही असं काही करणार असाल तर या सहा प्रश्नांची उत्तरं पहिल्याच पत्रात लिहून पाठवा. माझे निदान तीन आठवडे वाचले असते.

त्याच काळात दुसरा एक पेच समोर आला. बैठकीसाठी मिळालेल्या व्हिसावर परदेशात टेबल मांडून माल विकता येईलच असं नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी एका दिवसाच्या विक्रीलाही स्थानिक कर नोंदणी लागते. सभागृहाच्या करारातही विक्रीबद्दल वेगळं कलम होतं: आवारात काही विकायचं तर आधी कळवा, आणि खोक्यामागे हाताळणी शुल्क द्या. मी दोन दिवस हे सगळं वाचत बसले आणि शेवटी असं ठरवलं की जवळजवळ सगळी विक्री आधीच, ऑनलाइन करायची. बैठकीत फक्त वाटप. थोडे जास्तीचे शर्ट तिथे विकायचे ते संघटनेच्या स्थानिक शाखेने, कारण तिची तिथे नोंदणी होती. शाखेच्या सचिवांना फोन केला तर त्यांनी पाच मिनिटांत होकार दिला. त्या फोनआधीची रात्र मात्र मला झोप नव्हती.

१ जुलैला मागणी नोंदवायचं पान सुरू केलं, १५ ऑगस्टला बंद केलं. सभासदांचे पत्ते आयोजकांनी मला दिले नाहीत, आणि ते योग्यच होतं. लोकांनी ते नोंदणीसाठी दिलेले असतात, शर्टाच्या जाहिरातीसाठी नाही. त्याऐवजी नोंदणीच्या पोचपत्रात एक ओळ आणि दुवा घालायला आयोजक तयार झाले. बैठकीला साधारण सहाशे लोक येणार होते. पहिल्या दोन आठवड्यांत ३१ मागण्या आल्या आणि माझं धाबं दणाणलं. शेवटच्या पाच दिवसांत ९० आल्या. एकूण २१२. शेवटची तारीख जाहीर करणं आणि ती पाळणं दोन्ही गरजेचं आहे, कारण लोक शेवटच्या तारखेलाच जागे होतात.

मापांबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त तक्रारी मापाच्याच असतात. एस, एम, एल ही अक्षरं जगभर एक नाहीत. एका उत्पादकाचा एल दुसऱ्याच्या एमएवढा निघतो. म्हणून मी अक्षरांशेजारी सेंटिमीटर दिले: शर्ट टेबलावर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी, आणि खांद्यापासून खालपर्यंतची लांबी. वर एक वाक्य टाकलं, 'तुम्हाला नीट बसणारा घरातला एक शर्ट असाच मोजा आणि त्याच्या जवळचं माप निवडा.' बायकांसाठी वेगळी बेतणी ठेवली. यजमानांकडून मिळालेले शर्ट मी वर्षानुवर्षं झोपताना घालत आले, कारण खांदे कोपरापर्यंत उतरायचे. आपल्या हातात असताना तरी हे होऊ नये असं मला फार वाटत होतं. एस एक, एम दोन, एल दोन, एक्सएल एक असं प्रमाण छपाईवाले डोळे मिटून सांगतात. माझ्याकडच्या २१२ मागण्यांमध्ये एक्सएल आणि त्यावरची मापं मिळून तिसरा हिस्सा होता. अंदाजाने छापले असते तर एमचा ढीग उरला असता आणि एक्सएलवाले रिकाम्या हाताने गेले असते.

पैसे मागणीबरोबरच पूर्ण घेतले. इथे मला मोठा धक्का बसला. पैसे स्वीकारणाऱ्या ज्या सेवेकडे खातं उघडलं होतं, तिने ऑगस्टच्या मध्यात सगळी रक्कम अडकवून ठेवली. नवं खातं, आणि पाच दिवसांत एकदम एवढे व्यवहार, म्हणून तपासणी. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, संघटनेचा परवाना, छपाईवाल्याचं कोटेशन असं एकेक मागत नऊ दिवस गेले. छपाईवाल्यांना निम्मी रक्कम आगाऊ द्यायची होती, ती मी स्वतःच्या बचतीतून भरली. पैसे आले, पण ते नऊ दिवस पोटात गोळा होता, कारण २१२ लोकांनी विश्वासाने दिलेली रक्कम माझ्या नावावर अडकली होती. खातं उघडल्याबरोबर, पहिली मागणी यायच्या आधीच, त्यांना कळवून ठेवा की अमुक काळात इतकी रक्कम येणार आहे, आणि परवान्याची प्रत तेव्हाच द्या.

आता चित्राविषयी. शर्टाच्या पाठीवर आम्ही आयपीच्या चौथ्या आवृत्तीचं, म्हणजे आयपीव्ही४चं, एक पूर्ण हेडर छापलं, वीस बाइट, चार-चारच्या पाच ओळी, हेक्स आकड्यांत, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत. इंटरनेटवर माहिती छोट्या पाकिटांतून जाते, त्या प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीचा पत्ता वगैरे असलेला भाग म्हणजे हेडर. १९८१च्या आरएफसी ७९१ या मानक-दस्तऐवजात त्याची जी रचना दिली आहे तीच. सुरुवात ४५ने: आवृत्ती ४, आणि हेडरची लांबी ३२ बिटांचे ५ शब्द, म्हणजे त्याच पाच ओळी. 'टाइम टू लिव्ह'च्या, म्हणजे पाकिटाने जास्तीत जास्त किती राउटर ओलांडायचे त्या आकड्याच्या, रकान्यात बैठकीचा क्रमांक ४०, म्हणजे हेक्समध्ये २८. चित्र काढणाऱ्या सहकाऱ्याने पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता सहज सुचले तसे घातले होते. एका ज्येष्ठ सभासदांनी मसुदा बघून लगेच सांगितलं, हे पत्ते कुणाचे तरी खरे असणार, ते शेकडो लोकांच्या पाठीवर मिरवू नका. उदाहरणांसाठी राखून ठेवलेले पत्ते असतात, १९२.०.२.० पासून १९२.०.२.२५५ पर्यंत, त्यातले घ्या. आम्ही १९२.०.२.३९ कडून १९२.०.२.४० कडे असं केलं. मागच्या बैठकीकडून या बैठकीला. मला ती कल्पना अतिशय आवडली.

फाइल देताना अक्षरं वक्ररेषांत बदलून द्यायची असतात, नाहीतर छपाईवाल्याच्या संगणकावर फाँट बदलतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. गडद कापडावर रंगीत चित्र हवं तर खाली पांढऱ्याचा एक थर आधी द्यावा लागतो, म्हणजे आणखी एक स्क्रीन. आम्ही गडद निळ्या शर्टावर फक्त पांढरा घेतला. कापड १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम), शंभर टक्के सुती. मी दोन वेगवेगळ्या वजनांचे कोरे शर्ट मागवून पाच वेळा धुतले, वाळवले आणि पुन्हा मोजले. १८०चा लांबीत दोन सेंटिमीटर आटला, हलका त्याहून जास्त. मापांच्या तक्त्यात मी धुतल्यानंतरचे आकडे दिले.

१० सप्टेंबरला छपाईच्या कारखान्यात पहिला नमुना निघाला. स्क्रीनवरून रबरी पट्टी ओढली, शर्ट वाळवणीच्या पट्ट्यावरून पुढे गेला. प्लास्टिसॉल शाई नुसती वाळून चालत नाही, ती साधारण १६० अंश सेल्सिअसला पक्की व्हावी लागते. छपाईच्या मास्तरांनी गरम शर्ट उचलला, छापलेला भाग दोन्ही हातांनी ताणला आणि माझ्यासमोर धरला. "बघा, तडा जातोय का? नाही ना? मग धुण्यात जाणार नाही." हेक्समधल्या ८ आणि बी या अक्षरांतली पोकळी शाईने भरते आहे का ते मी भिंग लावून पाहिलं. स्वच्छ होतं. मी आनंदाने फोटो काढला आणि मागणी नोंदवलेल्या सगळ्यांना पाठवला.

दोन तासांत एकाचं उत्तर आलं: "चेकसमची बेरीज जुळत नाही."

चेकसम म्हणजे हेडरमधली दोन बाइटची एक पडताळणी-संख्या. हेडरमधल्या सोळा-सोळा बिटांच्या दहाही संख्या, तिच्यासकट, मिळवायच्या. वर हातचा उरला तर तो पुन्हा खाली मिळवायचा. उत्तरात सगळे बिट १ आले तर हेडर बरोबर. आम्ही पत्ते बदलले होते, पण पडताळणी-संख्या जुन्या पत्त्यांचीच राहिली होती. असं पाकीट पहिल्याच राउटरने टाकून दिलं असतं. मी कागदावर स्वतः बेरीज केली आणि हात गार पडले, कारण मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पूर्ण छपाई लावली होती. रात्री साडेनऊला फोन केला. ते म्हणाले, "ताई, अजून शाईसुद्धा कालवली नाही, निवांत राहा." एक स्क्रीन नव्याने करावी लागली, संघटनेकडून मंजुरी पुन्हा घेतली, आणि तीन दिवस गेले. बस, एवढंच नुकसान. नमुना मंजूर करणाऱ्या दोघांच्या आणि माझ्या, अशा तिघांच्या नजरेतून हे सुटलं होतं. तेव्हा नमुन्याचा फोटो विकत घेणाऱ्यांना दाखवा, आणि तोही पूर्ण छपाईच्या आदल्या दिवशी नको, चार दिवस आधी.

एकूण २६० छापले: २१२ मागणीचे, ४८ वरचे. सहा सदोष निघाले.

वाहतुकीचं थोडक्यात सांगते, पण हे कागद जपून करा. एक शर्ट दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे २६० शर्ट पन्नास किलोच्या घरात. चार खोकी झाली. सामानातून नेण्याचा विचार मी सोडून दिला. एवढा माल वैयक्तिक वापराचा म्हणता येत नाही, तो जाहीर करावाच लागतो. प्रदर्शनाच्या वस्तू तात्पुरत्या नेण्यासाठी एटीए कार्ने नावाचा दस्तऐवज असतो, पण तो परत आणायच्या वस्तूंसाठी, विकायच्या मालाला चालत नाही. साधी निर्यातच करावी लागली. माल स्वीकारणारा म्हणून सभागृहाने नाव द्यायला नकार दिला, ते स्थानिक शाखेने दिलं. तरी १३ ऑक्टोबरला खोकी सीमाशुल्कात अडकली, कारण इन्व्हॉइसवर मी नुसतं 'टी-शर्ट' लिहिलं होतं. विणलेल्या सुती टी-शर्टचा वर्गीकरण क्रमांक ६१०९.१० आहे, तो क्रमांक, 'विणलेला (निटेड), १०० टक्के कापूस', उत्पादनाचा देश आणि नगाची खरी किंमत, हे सगळं लिहायला हवं होतं. भेट आहे असं लिहून किंमत शून्य दाखवायचा सल्ला मला एक-दोघांनी दिला होता. ते खोटं आहे आणि पकडलं गेलं तर शाखेच्या अंगावर आलं असतं. दुरुस्त इन्व्हॉइस पाठवल्यावर चार दिवसांनी खोकी सुटली. बैठकीच्या किमान तीन आठवडे आधी माल पोचेल असं धरून निघालात तर असे चार दिवस झेपतात.

वाटप रविवारी संध्याकाळी नोंदणीच्या वेळी ठेवलं. सोमवारच्या पहिल्या विश्रांतीत ठेवा असं कुणी सुचवलं होतं, पण वीस मिनिटांत दोनशे माणसं कशी आवरणार? प्रत्येक शर्ट कागदी पाकिटात, वर मागणीचा क्रमांक आणि माप, आणि पाकिटं क्रमांकाने उभी लावलेली. आडनावांनी लावायचा मोह टाळा. जगभरच्या लोकांत आडनाव कोणतं आणि नाव कोणतं यावरच रांग अडते. शाखेचे दोघे आणि मी, दीड तासात १४० पाकिटं दिली. मापांची अदलाबदल बुधवारी दुपारनंतर करू असं पाटी लावून सांगितलं होतं. अदलाबदल आधीच सुरू केली तर उशिरा येणाऱ्याचं माप निघून जातं.

सोमवारी एक मुलगा टेबलापाशी आला, बहुधा पहिलीच बैठक असावी. पाकीट उघडून शर्ट पाठीकडून पसरला आणि पाकिटाच्या मागच्या बाजूवर पेनाने बेरीज करायला लागला. मागे रांग होती, तरी मी त्याला थांबवलं नाही. शेवटची ओळ मिळवली, हातचा खाली घेतला, आणि एफ एफ एफ एफ, म्हणजे सगळे बिट १, असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मग शर्ट अंगावर चढवला, होता त्या शर्टावरूनच, आणि गेला. ते पाकीट त्याने टेबलावर ठेवलं होतं. माझ्या फाइलीत आहे.

जास्तीच्या ४२ पैकी ३३ शाखेने विकले, उरलेले ९ बैठकीचं नेटवर्क उभारणाऱ्या स्वयंसेवकांना दिले. हिशेब असा झाला. एकूण खर्च १०० धरला तर कोरे शर्ट ४०, छपाई २०, वाहतूक १५, सीमाशुल्क आणि दलालाचं शुल्क १३, पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं कमिशन ४, सभागृहाचं हाताळणी शुल्क ३, न नेलेल्या शर्टांचं टपाल ३, आणि नमुने व नवी स्क्रीन मिळून २. मी किंमत अंदाजी खर्चाच्या सव्वापट ठेवली होती आणि ती जास्त वाटून अपराधीही वाटत होतं. प्रत्यक्षात खर्च अंदाजापेक्षा वाढला आणि जमेच्या सात टक्केच हातात राहिले. ते १८ डिसेंबरला पावत्यांच्या प्रतींसह निधीत भरले. सव्वापटीच्या खाली जाऊ नका.

मागणी नोंदवूनही १७ जणांनी शर्ट नेला नाही. कुणी आजारी पडलं, कुणाला व्हिसा मिळाला नाही. त्यांना पत्र लिहून पत्ते मागवले आणि टपालाने पाठवले. सोळा पोचले. मागणी क्रमांक ११८, माप एक्सएल, जानेवारीत पत्ता सापडत नाही अशा शिक्क्यासह परत आला. पत्राला उत्तर नाही. पाकीट मी उघडलेलं नाही, पुढच्या बैठकीला बरोबर नेणार आहे.